कोपराचे फ्रॅक्चर : तुटलेल्या हाडावरून फाटलेल्या अस्थिबंधाचा माग

कोपराला मार लागलेल्या दोन माणसांच्या अहवालावर ‘रेडियल हेडचे फ्रॅक्चर’ असे एकच निदान लिहिलेले असू शकते. तरीही त्यांतल्या एकाला गळ्यात झोळी अडकवून चार-पाच दिवसांत हात हलवायला सांगितले जाते आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेसाठी दाखल करून घेतले जाते. नातेवाइकांना हा फरक उमगत नाही, कारण एक्स-रेच्या फिल्मवर त्यांना दोन्हीकडे हाडातली चीरच दिसते. फरक असतो तो त्या चिरेच्या आजूबाजूला. सांधा जागेवर धरून ठेवणारे अस्थिबंध, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो, एका माणसात शाबूत असतात आणि दुसऱ्यात फाटलेले असतात, आणि साध्या एक्स-रेमध्ये अस्थिबंध उमटत नाहीत. म्हणूनच अस्थिरोगतज्ज्ञांनी कोपराच्या फ्रॅक्चरची जी वर्गीकरणे तयार केली, त्यांचे काम तुकड्यांना क्रमांक देण्यापुरते नाही. तुकडा नेमका कुठून निघाला, किती सरकला आणि कोणत्या दिशेला गेला, यावरून न दिसणारी दुखापत ओळखणे हे त्यांचे मोठे काम आहे, आणि ते त्या दृष्टीने समजून घेतले तर क्रमांकांचा हा पसारा बराच सुसूत्र वाटू लागतो.

एका वेष्टनातले तीन सांधे

कोपरात तीन हाडे एकत्र येतात. वरून दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस. खालून करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. अल्नाचे वरचे टोक ह्यूमरसला मागून-पुढून कवेत घेते. टेबलावर कोपर टेकवल्यावर जे हाड टोचते, ते मागचे ओलेक्रेनन. पुढच्या बाजूला, त्वचेवरून हाताला न लागणारा जो लहान टोकदार उंचवटा आहे, तो कोरोनॉइड. या दोहोंमधली खाच ह्यूमरसवर बिजागरीप्रमाणे फिरते आणि हात वाकतो, सरळ होतो. रेडियसचे वरचे टोक गोल आणि चपटे असते. तेच रेडियल हेड. ते ह्यूमरसच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या कॅपिटेलम नावाच्या गोलाकार भागावर टेकते आणि आपण तळहात उताणा-पालथा करतो तेव्हा स्वतःभोवती फिरते. तिसरा सांधा रेडियल हेड आणि अल्ना यांच्यामध्ये आहे; तेथे एक गोल अस्थिबंध रेडियसला अल्नाशी बांधून ठेवतो. हे तिन्ही सांधे एकाच वेष्टनात असल्यामुळे एकावर आलेला जोर क्वचितच तेवढ्यापुरता थांबतो.

या सांध्याला स्थिर ठेवणारे प्रमुख आधार तीन आहेत. पहिला आधार म्हणजे अल्नाच्या खाचेची ह्यूमरसवरची पकड, आणि तीत कोरोनॉइडचा वाटा फार मोठा, कारण हात मागे निसटू पाहतो तेव्हा त्याला अडवणारा तोच असतो. दुसरा आधार आतल्या बाजूचा अस्थिबंध, विशेषतः त्याचा पुढचा पट्टा. हात बाहेरच्या दिशेला झुकून कोपर आतल्या बाजूने उघडू लागले की तो ताणला जातो. तिसरा बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांचा समूह. त्यातला एक पट्टा ह्यूमरसपासून निघून रेडियल हेडच्या मागून अल्नाला जाऊन मिळतो आणि हात फिरून मागे घसरू नये याची काळजी घेतो. रेडियल हेड, वेष्टन आणि कोपराभोवतीच्या स्नायूंची मुळे हे दुय्यम आधार आहेत. त्यांना दुय्यम म्हणतात ते प्रमुख आधार जागेवर आहेत तोवरच. आतला अस्थिबंध फाटला की रेडियल हेड एकदम महत्त्वाचे ठरते, कारण त्या दिशेचा सगळा भार मग त्याच्यावर येतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे हा एक हिशेब असतो: कोणता आधार गेला, आणि त्याची भरपाई करणारा कोणता शिल्लक आहे.

सांधा निखळतो तेव्हा

पडताना माणूस सहसा हात पुढे करून तळवा टेकवतो. शरीर त्या हातावर कलते, कोपरावर उभा दाब येतो आणि त्याच वेळी हाताला पीळ बसतो. या पिळातून सांधा कसा निखळत जातो, याची मांडणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे शॉन ओड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली केली. त्यांच्या मांडणीनुसार फाटण्याची सुरुवात बाहेरच्या बाजूला होते, मग सांध्याचे पुढचे आणि मागचे वेष्टन फाटते आणि सर्वांत शेवटी आतला अस्थिबंध जातो. म्हणजे दुखापत सांध्याभोवती वर्तुळाने सरकते आणि ती मध्येच कुठेही थांबू शकते. काही निखळण्यांत सुरुवात आतल्या बाजूने होते, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे; त्यामुळे हा क्रम सर्वांना सरसकट लागू पडतो असे आज कोणी म्हणत नाही. मात्र फाटण्याला एक दिशा आणि टप्पे असतात, ही कल्पना टिकून राहिली आहे.

हाड न मोडता सांधा निखळला तर त्याला साधे निखळणे म्हणतात. त्यात अस्थिबंध बऱ्याच प्रमाणात फाटलेले असतात, पण हाडांची खाच अखंड असल्यामुळे सांधा बसवल्यावर तो बहुधा जागेवर राहतो आणि फार दिवस बांधून न ठेवता हालचाल सुरू करता येते. निखळण्यासोबत हाड मोडले, तर ते गुंतागुंतीचे निखळणे, आणि वर्गीकरणांची खरी कसोटी तिथे लागते.

रेडियल हेड

प्रौढांमध्ये कोपराजवळ सर्वाधिक मोडणारा भाग हाच. त्याचे आजही वापरात असलेले वर्गीकरण मेसन यांनी १९५४ साली १०० रुग्णांच्या आढाव्यावरून मांडले. पहिल्या प्रकारात चीर असते पण तुकडा जागचा हललेला नसतो. दुसऱ्यात कडेचा तुकडा सरकलेला असतो. तिसऱ्यात संपूर्ण हेडचे अनेक तुकडे झालेले असतात. १९६२ साली जॉन्स्टन यांनी कोपर निखळलेले असताना झालेले रेडियल हेडचे फ्रॅक्चर हा चौथा प्रकार जोडला. माझ्या मते ही भर फार मोलाची आहे. पहिले तीन प्रकार हाडाची अवस्था सांगतात आणि चौथा सांध्याची अवस्था सांगतो. एकच तुकडा सांधा निखळला नसताना आणि निखळला असताना अगदी निराळ्या उपचारांची मागणी करतो, हे त्यातून प्रथमच स्पष्टपणे नोंदले गेले.

‘सरकलेला’ म्हणजे किती, हे मेसन यांनी सांगितले नव्हते. १९८७ साली ब्रोबर्ग आणि मॉरी यांनी त्याला माप दिले: तुकडा २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सरकलेला असेल आणि त्यात सांध्याच्या पृष्ठभागाचा किमान ३० टक्के भाग असेल, तर तो दुसरा प्रकार. त्यानंतर १९९७ साली हॉचकिस यांनी मोजमापापेक्षा वेगळा प्रश्न विचारला. तुकड्यामुळे तळहात उताणा-पालथा करताना अडथळा येतो का, आणि तुकडे जोडण्याजोगे आहेत का? हे ठरवताना वेदनेमुळे फसगत होऊ शकते, कारण ताज्या दुखापतीत कोणाचाच हात नीट फिरत नाही. म्हणून काही वेळा सांध्यात साचलेले रक्त सुईने काढून तेथे भूल देणारे औषध सोडतात आणि मग हात फिरवून पाहतात. वेदना थांबल्यावर हात मोकळा फिरला, तर अडथळा दुखण्याचा होता. ठरावीक जागी अडकला, तर तो हाडाचा आहे.

पहिल्या प्रकारात झोळी आणि लवकर हालचाल एवढे बहुधा पुरते. तिसऱ्या प्रकारात, जोडता न येणारे तुकडे काढून टाकणे ही एकेकाळी रुळलेली पद्धत होती, आणि अस्थिबंध शाबूत असलेल्या काही निवडक रुग्णांना ती चालतेही. पण ती सरसकट वापरण्यातला धोका पीटर एसेक्स-लोप्रेस्टी यांनी १९५१ साली दाखवून दिला होता. काही रुग्णांत रेडियल हेड चुरडण्याइतका जोर मनगटातून वर येतो, आणि तो वाटेत रेडियस व अल्ना यांना जोडणारा पडदा फाडत आणि मनगटाजवळचा त्यांचा सांधा सैल करत येतो. अशा हातात रेडियल हेड काढून टाकले, तर रेडियसला वर सरकण्यापासून अडवणारे काहीच उरत नाही. हाड हळूहळू वर सरकते आणि काही महिन्यांनी रुग्ण मनगट दुखते म्हणून परत येतो. या दुखापतीला आज त्यांचेच नाव आहे. तेथे हेड जोडावे तरी लागते, नाहीतर धातूचे कृत्रिम हेड बसवावे लागते. म्हणून कोपर दुखत असलेल्या रुग्णाच्या मनगटावर डॉक्टर दाबून पाहतात, तेव्हा ते उगाच वेळ घालवत आहेत असे समजू नये. मनगट दुखत असेल तर ते आपणहून सांगावे.

कोरोनॉइड : लहान तुकड्याचे वजन

या सगळ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे कोरोनॉइड, कारण येथे तुकड्याच्या आकारावरून दुखापतीचे गांभीर्य ठरवणारा माणूस हमखास चुकतो. रीगन आणि मॉरी यांचे १९८९ सालचे वर्गीकरण उंचीवर आधारलेले आहे. फक्त टोक गेले तर पहिला प्रकार, उंचीच्या निम्म्यापर्यंत गेले तर दुसरा, निम्म्याहून अधिक गेले तर तिसरा; सांधा निखळला होता की नाही, याची नोंद जोडीला केली जाते. तुकडा जेवढा मोठा तेवढा सांधा अस्थिर, हा त्यामागचा विचार, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे.

पण टोकाचा लहानसा कपचाही निरुपद्रवी मानता येत नाही. पूर्वी असे समजले जाई की कोपर वाकवणाऱ्या स्नायूने किंवा वेष्टनाने तो ओढून तोडला असावा. प्रत्यक्षात तो स्नायू टोकाच्या बराच खाली चिकटलेला असतो. टोक मोडते ते सांधा मागे सरकताना ह्यूमरसवर आपटून. म्हणजे एक्स-रे काढताना सांधा अगदी जागेवर दिसत असला, तरी पडण्याच्या क्षणी तो निखळला होता, किंवा निखळण्याच्या बेतात होता, याची साक्ष तो कपचा देतो, आणि मग अस्थिबंधांची तपासणी टाळता येत नाही.

ओड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उंचीऐवजी जागेवर भर दिला. त्यांनी टोक, पुढचा-आतला पैलू आणि पाया असे तीन गट पाडले. यांतला मधला गट विशेष फसवा आहे. येथे हात आतल्या दिशेला झुकत पीळ घेतो. ह्यूमरसची आतली कड कोरोनॉइडचा पुढचा-आतला भाग दाबून मोडते आणि त्याच वेळी बाहेरचा अस्थिबंध ह्यूमरसपासून उखडतो. रेडियल हेड मात्र बहुतेकदा शाबूत राहते आणि सांधाही पूर्ण निखळत नाही, त्यामुळे साधा एक्स-रे जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. काळजीपूर्वक पाहिले तर आतल्या बाजूची सांध्यातली फट कमी झालेली आढळते. ही दुखापत नजरेतून सुटली, तर दर हालचालीत ह्यूमरस त्या मोडक्या कडेवर घासत राहतो आणि तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होते. आतल्या अस्थिबंधाचा पुढचा पट्टा याच भागातल्या एका उंचवट्यावर चिकटलेला असतो, त्यामुळे तुकडा मोठा असेल तर तो पट्टाही त्याच्यासोबत सुटतो. अशी शंका आल्यास सीटी स्कॅन करून घेणे मी आवश्यक मानतो. खर्च वाचवायचा म्हणून तो टाळण्याची ही जागा नव्हे.

सांधा निखळणे, रेडियल हेड मोडणे आणि कोरोनॉइड मोडणे ही तीन एकत्र आली की त्या दुखापतीला हॉचकिस यांनी १९९६ साली ‘टेरिबल ट्रायड’, म्हणजे भयंकर त्रिकूट, असे नाव दिले. पूर्वी असे कोपर बसवून प्लास्टरमध्ये ठेवले, तरी ते आतच पुन्हा निखळत असे, किंवा कायमचे आखडत असे. आज उपचाराचा क्रम बराचसा ठरलेला आहे आणि तो आतून बाहेर जातो. आधी कोरोनॉइड किंवा त्याला चिकटलेले वेष्टन जागेवर बांधायचे, मग रेडियल हेड जोडायचे किंवा बदलायचे, मग बाहेरचा अस्थिबंध ह्यूमरसला पुन्हा शिवायचा. त्यानंतर भुलीतच कोपर वाकवून-सरळ करून सांधा मागे निसटतो का, हे एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात. तो स्थिर राहिला तर आतल्या अस्थिबंधाला बहुधा हात लावावा लागत नाही. निसटला तर तो शिवावा लागतो, किंवा काही आठवड्यांसाठी बाहेरून चौकट लावून सांधा धरावा लागतो. तीन आधारांपैकी दोन परत उभे केले की तिसरा बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, हे या क्रमामागचे तत्त्व.

ओलेक्रेनन आणि मोंटेजिया

ओलेक्रेनन त्वचेच्या लगत असल्याने थेट मारानेही मोडते. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू त्याला चिकटलेला असल्यामुळे तुटलेला तुकडा वर ओढला जातो आणि रुग्णाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात सरळ करता येत नाही. मेयो क्लिनिकच्या वर्गीकरणात न सरकलेले, सरकलेले पण सांधा स्थिर असलेले, आणि सांधा अस्थिर असलेले असे तीन प्रकार आहेत, आणि प्रत्येकात तुकडा एक आहे की हाडाचा चुरा झाला आहे, एवढी पोटविभागणी आहे. सरकलेले फ्रॅक्चर साधारणपणे तारेने किंवा पट्टीने जोडतात. अतिवृद्ध आणि हाताचे काम कमी असलेल्या माणसात काही वेळा शस्त्रक्रिया न करणेही योग्य ठरते.

अल्ना थोडी खाली मोडली आणि सोबत रेडियल हेड निखळले, तर ती मोंटेजिया दुखापत. मिलानचे शल्यविशारद जोव्हान्नी बातिस्ता मोंटेजिया यांनी तिचे वर्णन १८१४ साली केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून. मोंटेव्हिडिओचे होसे लुईस बादो यांनी १९६७ साली तिचे चार प्रकार केले. रेडियल हेड पुढे निखळले तर पहिला, मागे तर दुसरा, बाहेरच्या बाजूला तर तिसरा, आणि रेडियसही मोडले असेल तर चौथा. मुलांमध्ये पहिला प्रकार अधिक दिसतो. प्रौढांमध्ये दुसरा, आणि त्यासोबत रेडियल हेड व कोरोनॉइड मोडलेले असण्याची शक्यता मोठी असते. अल्ना पूर्ववत लांबीला आणली की रेडियल हेड बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते. आले नाही, तर अल्ना नीट बसलेली नाही असे समजावे.

ही दुखापत सुटते ती नजर अल्नाच्या ठळक फ्रॅक्चरवरच थांबल्यामुळे. त्यावरचा उपाय साधा आहे. रेडियसच्या मानेच्या, म्हणजे हेडच्या लगेच खालच्या निमुळत्या भागाच्या, मधोमध जाणारी रेषा वर वाढवली, तर ती कोणत्याही कोनातून काढलेल्या एक्स-रेमध्ये कॅपिटेलममधून गेली पाहिजे. ती न गेल्यास रेडियल हेड निखळलेले आहे. महिनोन्महिने लक्षात न आलेले रेडियल हेड मागाहून बसवणे फार अवघड असते, म्हणून एका रेषेची ही तपासणी अमूल्य आहे.

ह्यूमरसचे खालचे टोक मोडते तेव्हा एओ या आंतरराष्ट्रीय गटाचे वर्गीकरण वापरतात. सांध्याबाहेरचे फ्रॅक्चर ए, सांध्याचा काही भाग हाडाच्या दांड्याशी जोडलेला असेल तर बी, आणि सांधा दांड्यापासून पूर्ण सुटला असेल तर सी. तरुणात दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून जोडणी करतात. ठिसूळ हाडाच्या वृद्ध रुग्णात, सी प्रकार जोडता येण्यासारखा नसेल तर कृत्रिम कोपर बसवतात, पण त्यानंतर त्या हाताने साधारण ५ किलोपेक्षा जास्त वजन कधीच उचलू नये असे बंधन येते.

मुलांचे कोपर वेगळे

मुलांच्या कोपराला प्रौढांचे वर्गीकरण लावता येत नाही. त्यांच्या सांध्याचा मोठा भाग अजून कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. कॅपिटेलम, रेडियल हेड, ह्यूमरसचा आतला उंचवटा, ट्रॉक्लिआ (ह्यूमरसचा अल्नाच्या खाचेत बसणारा भाग), ओलेक्रेनन आणि ह्यूमरसचा बाहेरचा उंचवटा या सहा जागी हाड तयार होण्याची केंद्रे ढोबळमानाने याच क्रमाने १, ३, ५, ७, ९ आणि ११ व्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात. हा क्रम माहीत असल्याचा थेट उपयोग आहे. ट्रॉक्लिआचे केंद्र दिसते आणि आतल्या उंचवट्याचे मात्र त्याच्या जागेवर दिसत नाही, असे असेल तर तो तुकडा सुटून सांध्यात अडकला आहे का, हे पाहावे लागते. आतल्या उंचवट्याच्या फ्रॅक्चरपैकी सुमारे निम्म्यांत कोपरही निखळलेले असते, आणि सांधा परत बसताना तुकडा आत ओढला जाऊ शकतो. प्रौढात अस्थिबंध फाटला असता, तेथे मुलात अस्थिबंध टिकतो आणि तो हाडाचा तुकडा घेऊन सुटतो. मुलांच्या दुखापतींतला हा मोठा भेद आहे.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळते ते कोपराच्या किंचित वर, ह्यूमरसच्या पातळ भागातून जाणारे सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर, प्रामुख्याने ५ ते ७ वर्षे वयात. गार्टलँड यांच्या १९५९ सालच्या वर्गीकरणात पहिला प्रकार न सरकलेला, दुसरा मागे झुकलेला पण मागची कड अखंड असलेला, तिसरा पूर्ण सुटलेला. पुढे, पुढे-मागे दोन्ही दिशांना सैल असलेला चौथा प्रकार जोडला गेला. पहिल्या प्रकारात बरेचदा चीर दिसतही नाही. कोपराच्या मागच्या चरबीची सावली एक्स-रेमध्ये उमटली, तर सांध्यात रक्त आहे आणि हाड मोडले असावे असे धरून चालतात. तिसऱ्या प्रकारात सर्वांत मोठी काळजी हाडाची नसते. दंडाची मुख्य रोहिणी आणि मज्जातंतू या फ्रॅक्चरच्या अगदी जवळून जातात. मनगटाची नाडी लागते का, बोटे गुलाबी आणि उबदार आहेत का, अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून गोल करता येतो का, हे हाड बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर तपासावे लागते.

महाराष्ट्रात आजही पडलेल्या मुलाला आधी हाडवैद्याकडे नेणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या विश्वासाचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही, पण कोपराच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते. सुजत चाललेल्या कोपराभोवती बांबूच्या कामट्या लावून घट्ट पट्टी आवळली, तर हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. त्यातून स्नायू मरतात, आखडतात आणि बोटे कायमची वाकलेली राहतात. रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णिलेली ही अवस्था पुढे शस्त्रक्रियेनेही पूर्ण सुधारत नाही. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर मूल असह्य कळांनी रडत असेल, बोटे सरळ केली की जास्त दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता बांधलेले सगळे सोडवून रुग्णालय गाठावे. ताज्या मारावर तेलाने मालिश करणेही टाळावे. कोपराभोवतीच्या स्नायूत नको तेथे हाड तयार होण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

बाहेरच्या काँडाइलचे, म्हणजे ह्यूमरसच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाचे, फ्रॅक्चर सुप्राकाँडायलरच्या मानाने कमी दिसते, पण जास्त दगा देते. ते सांध्यातून जाते, तुकड्यातला बराचसा भाग कूर्चेचा असल्याने एक्स-रेमध्ये लहान दिसतो, आणि प्लास्टरमध्ये असतानाही सरकू शकतो. २ मिलिमीटरहून अधिक सरकलेले फ्रॅक्चर सहसा तारा घालून स्थिर करतात. ते न जुळता राहिले, तर कोपर हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकते आणि कित्येक वर्षांनी करंगळीकडच्या बोटांत बधिरपणा येतो. म्हणून न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही पहिल्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात आणि ती तारीख चुकवू नये.

क्रमांक कळल्यानंतर

एकच एक्स-रे दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवला, तर दोघे तो वेगवेगळ्या प्रकारांत बसवू शकतात, हे या वर्गीकरणांबद्दल वारंवार दिसून आले आहे. सीटी स्कॅनने त्यात सुधारणा होते, पण अंतिम उत्तर बरेचदा भुलीत सांधा हलवून पाहिल्यावरच मिळते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी सांगितलेला बेत आत गेल्यावर बदलला, तर त्यात काही चुकले असेलच असे नाही.

अस्थिबंधांची अवस्था नेमकी माहीत असण्याचा उपयोग व्यायामातही होतो. कोपर हा आखडण्यास अत्यंत प्रवृत्त असलेला सांधा आहे आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तो बांधून ठेवला, तर तो मोकळा होणे कठीण जाते. रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या वाकण्यात आणि तळहात दोन्ही बाजूंना ५० अंश फिरण्यात भागतात, हे मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मोजून दाखवले. तेवढी हालचाल परत मिळवणे हे फिजिओथेरपीचे पहिले उद्दिष्ट असते, पण ती कोणत्या स्थितीत करायची हे फाटलेल्या बाजूवर ठरते. बाहेरचा अस्थिबंध शिवलेला असेल, तर तळहात पालथा ठेवून कोपर वाकवणे-सरळ करणे सुरक्षित असते. आतला गेला असेल, तर तळहात उताणा ठेवून. सांधा मागे निसटण्याची भीती असलेल्या रुग्णाला उताणे झोपवून, दंड छताकडे उभा धरून व्यायाम देतात, कारण त्या स्थितीत हाताचे वजन सांध्याला आत दाबून ठेवते, आणि हात पूर्ण सरळ करण्याची घाई पहिले काही आठवडे करत नाहीत. म्हणून रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर फ्रॅक्चरच्या प्रकारासोबत कोणता अस्थिबंध फाटला होता, कोणता शिवला आणि हात किती अंशांपर्यंत सरळ करायचा, हे लिहून मागावे आणि तो कागद पहिल्याच भेटीत फिजिओथेरपिस्टला दाखवावा.